पेव रिकामे झाल्यावर

पावसाने ओढ दिली की धरणात किती पाणी उरले आहे ते आपण वर्तमानपत्रात पाहतो. रेशनचे दुकान, परप्रांतातून रेल्वेने येणारे धान्य, पाण्याचे टँकर, रोजगार हमीचे काम असे काही आधार तरी आपल्यामागे असतात. यांपैकी काहीच नव्हते तेव्हा माणसे टंचाईत कशी तगली? लिहिलेला एक शब्दही मागे न ठेवलेल्या लोकांबद्दल हा प्रश्न असेल, तर उत्तर शोधायचे कुठे?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. जुन्या वस्तीची माती साचून बनलेल्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात. इनामगावच्या अशाच पांढरीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही या कामातली प्रमुख नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांच्या वस्तीचे थर येथे एकावर एक सापडले. हा ताम्रपाषाणयुगाचा काळ. लोखंड फार उशिरापर्यंत या लोकांना ठाऊक नव्हते. हत्यारे मुख्यतः दगडाची, थोडी तांब्याची. आणि प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, म्हणजे बेभरवशाच्या पावसाचा.

ताजे धान्य जमिनीत कुजून जाते, पण अर्धवट जळून कोळसा झालेला दाणा हजारो वर्षे टिकतो. असे दाणे तपासल्यावर या शेतकऱ्यांची पहिली युक्ती कळली : सगळी भिस्त एका पिकावर ठेवायची नाही. मुख्य पीक होते जव, म्हणजे सातू. जोडीला थोडा गहू. शिवाय मसूर, वाटाणा, कुळीथ यांसारखी कडधान्ये. गव्हाला पाणी लागते. जव त्यापेक्षा कमी पाण्यावर येतो आणि कुळीथ तर हलक्या, कोरड्या जमिनीतही तग धरतो. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागावे, हा हिशेब त्यामागे दिसतो.

दुसरी युक्ती साठवणीची. घरांजवळ जमिनीत खणलेली पेवे सापडली, तसेच कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटेही सापडले. पेव नीट बंद केले की आतले दाणे आणि किडे श्वसन करून हवेतील ऑक्सिजन संपवत जातात आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग किड्यांची वाढ थांबते व धान्य टिकते. हे रसायन इनामगावकरांना ठाऊक नव्हते, अनुभव मात्र होता. इ. स. पूर्व १४०० ते १००० या पूर्व जोर्वे काळात एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार होते. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात साऱ्या गावाचे धान्य जमा होत असावे, असा उत्खनकांचा तर्क आहे. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि चारीही याच काळातली. अशी कामे एकट्यादुकट्याची नव्हेत. त्यामागे गावाची एकजूट हवी.

तिसरा आधार गोठ्याचा आणि रानाचा. गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्या म्हणजे पायांवर चालणारा साठाच. शिवाय हरणांची शिकार, नदीतले मासे आणि बोरे, जांभळे, आवळे.

इ. स. पूर्व १००० नंतर मात्र चित्र पालटते. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. भांडी ओबडधोबड होतात. गहू जवळजवळ नाहीसा होतो आणि शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडे होत गेले, शेती परवडेना आणि लोक शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणारे अर्धभटके जीवन जगू लागले. पाऊस खरोखर कमी झाला, की जमीन आणि रान अतिवापराने थकले, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. एकाच पुराव्यातून दोन कारणे संभवतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. राहणी बदलली, याबद्दल मात्र वाद नाही.

या बदलाची किंमत सांगाड्यांत नोंदलेली आहे. इनामगावला मृतांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत. अशी दफने पुष्कळ आहेत. उत्तर काळात दात किडण्याचे प्रमाण कमी झालेले दिसते. वरवर पाहता ही सुधारणाच! पण पिष्टमय अन्न दातांत अडकले की जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि दात किडतो. कीड कमी झाली याचा अर्थ ताटातले धान्य कमी झाले. याच काळातील मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणाही अभ्यासकांना अधिक आढळल्या. टंचाईत गाव तगले, पण तिचा सर्वांत मोठा वाटा सर्वांत लहानांनी उचलला.

यानंतर अनेक शतकांनी रचलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्भिक्षावरचे उपाय सांगितले आहेत. कोठारातील अर्धे धान्य प्रजेच्या आपत्काळासाठी राखावे आणि जुने काढून नवे भरावे. दुष्काळात राजाने बी आणि अन्न पुरवावे, तटबंदीची व बांधबंधाऱ्यांची कामे काढून लोकांना अन्न द्यावे. तेही पुरेनासे झाले तर पीक असलेल्या प्रदेशात किंवा नदी, तलाव, समुद्राच्या आश्रयाला प्रजेसह जावे. भाज्या, कंद, फळे लावावीत. पशू, पक्षी, मासे मिळवावेत. साठा, पाण्याची कामे, रानातले अन्न, स्थलांतर : इनामगावच्या मातीतून निघालेलीच ही यादी आहे. नवी गोष्ट एकच, ती म्हणजे या साऱ्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्या घरांत, गावांत आहेत. त्यांनी खाल्लेला मिलो आणि सुकडी, फोडलेली खडी, त्या वर्षी रानातून आणलेल्या भाज्या यांची माहिती विद्यार्थ्यांना गोळा करू द्या. कोणता उपाय घरच्यांनी केला, कोणता गावाने, कोणता सरकारने, असे तीन रकाने त्यांना पाडायला सांगा. आणि एक प्रश्न विचारायला विसरू नका : त्या वर्षी घरात सर्वांत कमी कोणाच्या वाट्याला आले? इनामगावच्या हाडांनी दिलेले उत्तर आपण पाहिले आहे. तेच उत्तर आजही ऐकू आले, तर कोठारे भरणे पुरेसे नाही, ताटे कशी वाढली जातात तेही पाहावे लागेल, एवढे तरी वर्गाला समजेल.