एका दीर्घ शब्दाचा विग्रह

'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' हा शब्द इंग्रजीतील लांब शब्दांचा मासला म्हणून नेहमी सांगितला जातो. त्यात २८ अक्षरे आहेत. उच्चाराप्रमाणे तोडल्यास त्याचे बारा अवयव पडतात. परंतु 'मेंट' या प्रत्ययातील 'ट' पुढील अवयवास जाऊन मिळतो आणि अर्थाचा सांधा निखळतो. म्हणून सामासिक शब्दाचा करतो तसा याचा विग्रहच केला पाहिजे.

'एस्टॅब्लिश' म्हणजे स्थापणे. येथे, राज्याने एखाद्या मंडळीस कायद्याने आपली मानणे. 'मेंट' लागून त्याचे नाम झाले. 'डिस'ने ते नाते तुटले. 'एरिअन' म्हणजे ते तोडू पाहणारा, 'इझम' म्हणजे त्याचे मत, आणि 'अँटि' हा त्या मतास विरोध. सारांश, मंडळीचा राजाश्रय काढू नये, हे मत. मुळाशी लॅटिनमधील 'उभे राहणे' या अर्थाचा धातू असून आपला 'स्था' त्याचाच भाऊबंद होय.

हा वाद केवळ विलायतेचा नव्हता. आयर्लंडातील मंडळीचा राजाश्रय १८६९ च्या कायद्यान्वये १८७१ मध्ये संपला, वेल्समधील १९२० मध्ये. हिंदुस्थानात १८१३ च्या सनदेने बिशपचे वेतन येथील महसुलावर बसविले होते. १ मार्च १९३० रोजी येथील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या मंडळीपासून कायद्याने विभक्त झाली; सरकारी चॅपलेनांचे वेतन मात्र त्यानंतरही चालू राहिले.

इंदूरचा अनुभव निराळा आहे. जवळच्या महू छावणीत इंग्रज सैन्य होते व त्याच्यासाठी सरकारी चॅपलेनांची व्यवस्था होती. खुद्द इंदुरात १८७७ मध्ये आलेल्या कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांना राजाश्रय तर नव्हताच, उलट उघड प्रचारास होळकर दरबाराचा विरोध सोसावा लागला. कॅनडातील मंडळ्यांच्या वर्गणीवर ते कार्य चालले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेजचा आरंभ झाला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा या दोन्ही परंपरा एका घरात आल्या. एकीला सरकारी तिजोरीचा आधार ठाऊक होता, दुसरीला परदेशी वर्गणीचा. आज पहिला आधार उरलेला नाही, आणि दुसऱ्यावर विसंबणे आपणांस शोभणारे नाही. स्थानिक सभासदाच्या दानावर आपली मंडळी किती उभी आहे, हा त्या 'स्था' धातूचा आपणांस प्रश्न आहे. पाळकांनी व उपदेशकांनी तो वार्षिक हिशेबाच्या सभेत मंडळीपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.