घरच्या गणपतीसाठी तालावरची रोषणाई

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या पाहत वाढलेल्या आम्हा इंदूरकरांना चालत्या दिव्यांची हौस जुनीच. आता मखराभोवती आरतीच्या तालावर दिवे नाचवणे घरीही जमते.

डब्ल्यूएस२८१२बी जातीची एलईडी पट्टी घ्यावी. तिच्यातला प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो. सोबत ईएसपी३२ बोर्ड, त्यात डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर. ध्वनिमुद्रित गाण्यासाठी संगणकावर एक्सलाइट्समध्ये दिव्यांची आखणी आधीच करता येते. घरची मंडळी आरती म्हणणार असतील तर बोर्डाला माइक जोडून आवाजावर दिवे चालवणे आम्हाला बरे वाटते. आपली आरती कुठे एका लयीत राहते!

विजेचा हिशेब मात्र चोख हवा. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे १०० दिव्यांना ५ व्होल्टवर ६ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरचे हे काम नव्हे. पट्टीच्या टोकाचे दिवे तांबूस दिसले तर त्या टोकालाही वीज जोडावी. थर्माकोल, पडदे यांना पट्टी व पुरवठा चिकटू देऊ नये. सेकंदाला ३ पेक्षा जास्त उघडझापही नको. अपस्मार असलेल्या काहींना तिने झटका येऊ शकतो. दर्शनाला कोण येईल हे आपल्याला ठाऊक नसते.