कारकून आणि मुत्सद्दी : अरवलीच्या रामचंद्रबाबांचा लौकिक

फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या दोन शब्दांची कथा मोठी उद्बोधक आहे. 'कारकून' या शब्दाचा मूळ अर्थ काम करणारा, कर्ता माणूस. 'मुत्सद्दी' हा शब्द मोगली कारभारात कचेरीतला अंमलदार, हिशेबनीस, लेखनिक अशा अर्थांनी वावरत असे. मराठीत आल्यावर दोघांचे नशीब उलट्या दिशांना गेले. कर्ता होता तो खर्डेघाशी करणारा झाला. आणि जो लेखनिक होता, तो राज्ये उलथीपालथी करणारा धोरणी पुरुष ठरला. अठराव्या शतकातील मराठी दफ्तरांत मात्र हे दोघे वेगळे नव्हते. सकाळी जमाखर्च लिहिणारा माणूस सायंकाळी तहाचा मसुदा करीत असे. मग त्यांतला कोण पुढे कारकून म्हणून विसरला गेला आणि कोण मुत्सद्दी म्हणून उरला, हे कशावरून ठरले? केवळ अक्षर वळणदार असून भागत नसे. धन्याची मर्जी, फडावरची वजनदार ओळख आणि चार लोकांत असलेला लौकिक, यांवर ते ठरे. या लौकिकाचे अर्थशास्त्र समजून घ्यायचे, तर वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावरून घाटावर गेलेल्या एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते. हा माणूस म्हणजे रामचंद्र मल्हार सुखटणकर, ऊर्फ रामचंद्रबाबा शेणवी.

आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडणारा हा किनारा अठराव्या शतकात वाडीकर सावंतांच्या अमलाखाली होता. पण पोर्तुगीज, आंग्रे आणि करवीरकर यांच्या सत्ता त्याच्या अंगाला लागूनच होत्या. येथल्या कुळकर्णी घराण्यांना लेखन-वाचन वतनानेच आलेले होते, आणि एकाच वेळी तीनचार सत्तांशी बोलून-चालून राहण्याची सवय परिस्थितीने लावलेली होती. वतन मात्र तोकडे आणि वाटेकरी पुष्कळ. तेव्हा होतकरू मुलाने सह्याद्री चढावा, हे ओघानेच आले. कोचऱ्याचे नारोराम असेच गेले आणि 1713 साली शाहूछत्रपतींचे मंत्री झाले. त्या वेळी सावंतांच्या मुलखात असलेल्या आणि आता गोव्यात गणल्या जाणाऱ्या केरी गावचे जिवबादादा महादजी शिंद्यांचे बक्षी झाले. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांच्याकडे होती. या दोघांच्या मधल्या पिढीत अरवलीचे रामचंद्रबाबा येतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना अरवली ठाऊक असते ती जयवंत दळवींमुळे, आणि भाविकांना वेतोबामुळे. त्या अरवलीचे हे कुळकर्णी साताऱ्यास गेले. तेथे कचेश्वरबाबा अतीतकरांचा आश्रय त्यांना मिळाला आणि त्यांच्या ओळखीने ते पेशव्यांच्या पायापर्यंत पोहोचले. पहिल्या बाजीरावांनी राणोजी शिंदे यांना माळव्यात सरदारी दिली, तेव्हा त्यांच्याकडील दिवाणगिरी रामचंद्रबाबांकडे आली.

ही दिवाणगिरी म्हणजे काय होती, ते येथे थांबून पाहिले पाहिजे. सरदाराच्या पदरी दिवाण, फडणीस, मुजुमदार असे जे दरकदार असत, त्यांची नेमणूक बहुधा हुजुरातून होई. ते सरदाराचा कारभार पाहत, पण त्यांची निष्ठा मूळ धन्याशी असावी अशी अपेक्षा असे. वसूल किती आला, फौज किती ठेवली, हिशेब कोठे अडला, हे पुण्यास कळावे, यासाठीच ही योजना होती. म्हणजे एका माणसाला दोन धनी. एकाचे अन्न खायचे आणि दुसऱ्याला खबर द्यायची. दोन्ही धनी प्रसन्न असतील तोवर या जागेइतकी बळकट जागा नाही. त्यांच्यात अंतर पडले की याच जागेइतकी पोकळ जागा नाही.

राणोजी असेतोपर्यंत सर्व सुरळीत चालले. राणोजींविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. बाजीरावांचे जोडे सांभाळताना त्यांना झोप लागली, तरी जोडे छातीशी घट्ट धरलेले होते. ते पाहून बाजीरावांनी त्यांना वर चढवले, अशी ही कथा माल्कमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवून ठेवली आहे. ती खरी की खोटी, हा प्रश्न निराळा. लौकिक कसा उभा राहतो हे मात्र तिच्यातून दिसते. शिपायाची निष्ठा एका चित्रात मावते आणि ते चित्र शंभर वर्षे तोंडोतोंडी फिरते. कारकुनाच्या वाट्याला असे चित्र येत नाही. त्याची निष्ठा ताळेबंदात असते, आणि ताळेबंदाची आख्यायिका होत नाही. त्याचा लौकिक एखाद्या वजनदार माणसाने घेतलेल्या अनुभवावर उभा असतो; तो माणूस गेला की अनुभवही जातो.

राणोजी 1745 मध्ये वारले. सरदारी जयाप्पाकडे आली आणि नव्या धन्याचे जुन्या दिवाणाशी पटेना. ऐन तारुण्यातल्या सरदाराला वडिलांच्या वेळचा, सर्व किल्ल्या हातात असलेला आणि पुण्याशी थेट पत्रव्यवहार असणारा माणूस डोळ्यांसमोर नको वाटावा, यात नवल काहीच नाही. मल्हारराव होळकरांचे वजनही रामचंद्रबाबांच्या विरुद्ध पडले. अखेर दिवाणगिरी गेली. ज्या ज्ञानामुळे माणूस अपरिहार्य ठरतो, त्याच ज्ञानामुळे तो संशयास्पदही ठरतो, ही गोष्ट कोणत्याही कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

यापुढे रामचंद्रबाबांनी जे केले, तेथे कारकून संपतो आणि मुत्सद्दी सुरू होतो. ते गावी परतले नाहीत. गेलेल्या जागेसाठी रडत बसले नाहीत. त्यांनी पेशव्यांच्या घरातच आपल्यासारखा एक माणूस हेरला. चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ दहा वर्षांचे असताना पितृछत्राला मुकले होते. नानासाहेब त्यांचे थोरले चुलतबंधू आणि पेशवे. बाजीरावांच्या शेजारी चिमाजीअप्पांचे जे स्थान होते, ते नानासाहेबांच्या शेजारी आपले असावे, ही भाऊंची इच्छा. परंतु त्या जागी महादोबा पुरंदरे होते. पुरंदरे घराण्याचा पेशव्यांशी घरोबा बाळाजी विश्वनाथांच्या काळापासूनचा. म्हणजे भाऊंजवळ कर्तबगारी होती, जागा नव्हती. रामचंद्रबाबांजवळ अनुभव होता, आश्रय नव्हता. दोघांची गाठ पडली.

शाहूछत्रपती डिसेंबर 1749 मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षी सांगोल्यास झालेल्या करारमदाराने राज्याची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे आली. त्या प्रकरणात भाऊंचे सल्लागार म्हणून रामचंद्रबाबा वावरले. कर्तबगारी सिद्ध झाली. आता तिचे माप पदरात पडायला हवे होते. भाऊंनी कारभार मागितला आणि तो मिळण्याचे चिन्ह दिसेना. तेव्हा करवीरकरांकडून त्यांच्या राज्याच्या पेशवाईची वस्त्रे आणण्याचा बेत झाला. पारगड, कलानिधी आणि चंदगड हे किल्ले व काही नेमणूक अशी ती देणगी होती. त्यामागे डोके रामचंद्रबाबांचे होते, असे इतिहासकार मानतात. पुण्याच्या पेशव्यांचा सख्खा चुलतभाऊ कोल्हापूरचा पेशवा होणार! आपल्या घरी किंमत होत नसेल, तर शेजारच्या घरची चिठ्ठी खिशात ठेवून मग बोलणे करावे, हा डाव आजच्या नोकरदारालाही ओळखीचा वाटेल. ज्या किनाऱ्यावर चार सत्तांच्या मधून होडी हाकावी लागे, तेथल्या माणसाला तो सुचावा, हेही स्वाभाविकच.

डाव यशस्वी झाला, पण तो यशस्वी करणारा माणूस तिसराच होता. घरात फूट पडते आहे, हे पाहून महादोबा पुरंदरे आपण होऊन कारभारातून बाजूला झाले. भाऊ कारभारी झाले आणि कोल्हापूरचा प्रश्न विरून गेला. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते महादोबांचे हे उठून जाणे. रामचंद्रबाबांनी जागा मिळवून लौकिक कमावला. महादोबांनी जागा सोडून तो राखला. परंतु एक भेद विसरता येत नाही. महादोबांना सोडण्यासारखे पुष्कळ होते, आणि सोडल्यावरही घराणे, वतन व पेशव्यांचा स्नेह शिल्लक राहणार होता. जागा सोडण्याचा मोठेपणा त्यांना परवडत होता. अरवलीच्या कुळकर्ण्याला तो परवडणारा नव्हता. पुण्याच्या दरबारात कोकणस्थ, देशस्थ आणि शेणवी असा भेद सर्वांच्या मनात जागा असे. त्यात एकट्या शेणवी मुत्सद्द्याने स्वस्थ बसणे म्हणजे पुसले जाणे. कारस्थानी हा शब्द आपण फार सहज वापरतो. तो बहुधा ज्यांच्यामागे घराणे नाही, त्यांच्याच वाट्याला येतो.

म्हणून रामचंद्रबाबांना निर्दोष ठरवावे, असे नाही. त्यांच्या या चढउतारात होळकर आणि भाऊ यांच्यामध्ये जी अढी पडली, ती रामचंद्रबाबा 1754 मध्ये वारल्यानंतरही टिकली. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे घडले, त्याची कारणे अनेक आणि मोठी आहेत; एका दिवाणाच्या बडतर्फीवर त्यांचा भार टाकणे हास्यास्पद होईल. पण भाऊ आणि मल्हारराव यांचे सूर जुळले नाहीत, असे त्या मोहिमेविषयी जेव्हा आपण वाचतो, तेव्हा त्या बेसुराचा एक धागा मागे पंधरा वर्षांपूर्वीच्या एका कचेरीत जातो, हे ध्यानात ठेवावे. फडावरची भांडणे फडावरच राहत नाहीत. ज्यांनी ती केली, त्यांच्या पश्चात ती इतरांना वारशाने मिळतात.

आपण मराठी गद्याच्या इतिहासात पेशवाईतील पत्रे शिकतो व शिकवतो. त्या भाषेचा नेमकेपणा, तिच्यातील सूचकता, 'सूज्ञास अधिक काय लिहिणे' या सांगतेमागचे मौन, यांचे कौतुक करतो. हे गद्य बव्हंशी कारकुनांनी घडवले. त्यात त्यांनी धन्यांचे पराक्रम लिहिले, प्रतिस्पर्ध्यांविषयी मन कलुषित केले, आणि स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही. म्हणूनच रामचंद्रबाबांना आपण ओळखतो ते त्यांच्या बाजूच्या आणि विरुद्ध पक्षांच्या कागदांतून. स्वतःच्या शब्दांत ते आपल्यापुढे फारसे येत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचा लौकिक शब्दांत बांधणाऱ्या माणसाचा स्वतःचा लौकिक असा परक्यांच्या हाती राहिला.

अरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला अर्पण करतात. रात्री देव गावाच्या रक्षणासाठी फिरतो, त्यामुळे त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवाच्या फिरण्याची खूण निदान चपलांवर तरी उमटते. त्याच गावातून सातारा, माळवा आणि पुणे अशी पायपीट केलेल्या कुळकर्ण्याची खूण शोधायची, तर पत्रातल्या मजकुराबरोबर ते कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले आणि ते लिहिताना त्याची स्वतःची जागा शाबूत होती काय, हेही विचारावे लागेल.