हरकत, कैफियत, जबाब : शब्द आपले, कचेरीतला अर्थ वेगळा

मारेगावात शिकवताना दर जूनमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. पालक येतात, म्हणतात, "सर, दाखला पाहिजे." उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश, त्यांना पोट्ट्याचं नाव घालायचं असतं. मराठीत दाखला म्हणजे शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र. शाळेत हा घोळ दोन मिनिटांत सुटतो. तहसील आणि न्यायालयाच्या कागदावर तो महागात पडतो.

आपला वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता. फारसी-अरबी शब्द कचेरीच्या मराठीत तर त्याआधीपासूनच मुरलेले. म्हणून वकील, वारस, मुदत वाचलं की आपल्याला वाटतं, सगळं कळलं. अडचण तिथं आहे, जिथं शब्द तोच पण अर्थ फिरलेला.

हरकत हा त्यातला सगळ्यात फसवा. उर्दूत हालचाल, नाहीतर पोराची खोडी. मराठीत आक्षेप. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवताना तलाठी फेरफाराची नोंद धरतो आणि संबंधितांना नोटीस देतो : हरकत असल्यास १५ दिवसांत कळवा. यादीतून बहिणीचं नाव सुटलं असेल तर बोलायची वेळ हीच. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, म्हणजे प्रकरण सुनावणीला जातं. मुदत गेली तरी अपील करता येतं, पण त्यात चकरा आणि पैसा. आपल्या घरांत "भाईनं सांगितलं" म्हणून नोटिशीवर सही होते, कागद कुणी वाचत नाही. हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय. फेरफार म्हणजे मालकीचा शेवटचा निकाल नव्हे, तो दिवाणी न्यायालय देतं. मात्र हक्कसोडपत्र निराळं. त्यात माणूस आपला हिस्सा स्वतः सोडतो आणि जमीन-घराचं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तिथं सही करण्याआधी दहादा विचारा.

कैफियत म्हणजे आपल्याकडे हालत, तबियत. दिवाणी न्यायालयात मात्र प्रतिवादीनं दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. समन्स हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. कारण पटलं तर न्यायालय ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवतं. "तारखेला जाऊन तोंडी सांगू" म्हणणारा इथंच अडकतो आणि दावा त्याची बाजू न ऐकताच पुढं सरकू शकतो.

पोलीस ठाण्यात फिर्याद आणि जबाब यांत गल्लत होते. दखलपात्र गुन्ह्याची खबर म्हणजे फिर्याद. ती वाचून दाखवली पाहिजे, मग आपली सही, आणि प्रत मोफत मिळते. जबाब म्हणजे उत्तर नव्हे, तपासात साक्षीदाराचं लिहून घेतलेलं म्हणणं. त्याच्यावर साक्षीदाराची सही घेता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हे दोन्ही नियम राहिले. अहवालात "सदर इसम" दिसलं तर घाबरू नका. उर्दूत इस्म म्हणजे नाव, इथं नुसता माणूस.

जामीन उर्दूत हमी घेणारा माणूस. मराठीत बहुतेक वेळा सुटका, आणि हमी घेणारा तो जामीनदार. आरोपी तारखेला आला नाही तर हमीची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते, त्यामुळं दोस्तीखातर सही करण्याआधी आकडा वाचा.

राजीनाम्याची गंमत अशी की उर्दूत तो दोन पक्षांचा समझोता, मराठीत नोकरी सोडणं. मिटवायचं असेल तर कचेरीत 'तडजोड' म्हणा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून तिथला कागदही पूर्ण वाचून घ्यावा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिलांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर क्रमांक १५१००.