गुरुवारचा कट्टा

२०११ ते २०१३ अशी जेमतेम दोन वर्षं मी आमच्या ऑफिसात एक लेखनकट्टा चालवला. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे, म्हणजे सुरुवातीला तरी नव्हे. गणपतीतल्या कार्यक्रमात मी एक ललित वाचून दाखवलं, ते एचआरच्या मॅडमना आवडलं आणि त्या म्हणाल्या, "सर, असं काहीतरी दर आठवड्याला का नाही करत तुम्ही? आम्ही रूम देतो." रूम दिली, आणि पहिले तीन महिने चहा-बिस्किटंही दिली. मग बिस्किटं बंद झाली, पण माणसं यायची थांबली नाहीत, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ जण. हिशेबखात्यातल्या एक मॅडम, ज्या फक्त आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल लिहायच्या. दर वेळी विहीर, पण दर वेळी वेगळी. एक सिक्युरिटीचे काका, ड्यूटी संपवून येऊन मागे बसायचे आणि सहा महिने नुसतं ऐकून सातव्या महिन्यात त्यांनी चार ओळी वाचल्या. आणि टेस्टिंगमधला एक मुलगा, लातूरकडचा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

कट्टा बंद पडून बरीच वर्षं झाली. पण अलीकडे पूर्व जर्मनीबद्दल बरंच वाचत होतो (मला जर्मन येत नाही, जे इंग्रजीतून मिळालं ते), आणि तिथे मला आमचाच गुरुवार भेटला. फक्त तो सरकारने भरवला होता आणि देशभर.

तर झालं असं. २४ एप्रिल १९५९. हाले शहरातल्या एका प्रकाशनसंस्थेची लेखक परिषद. जागा मात्र साहित्यिकांच्या सवयीची नाही. बिटरफेल्ड नावाचं रसायनांच्या कारखान्यांचं गाव, आणि तिथल्या विद्युत-रसायन कारखान्याचं सांस्कृतिक सभागृह. साधारण १५० लेखक आणि ३०० च्या आसपास लिहिणारे कामगार जमले होते. भाषण करायला खुद्द वॉल्टर उल्ब्रिख्त, म्हणजे सत्ताधारी पक्षाचा सर्वेसर्वा. ठरलं असं की लेखकांनी कारखान्यात जायचं आणि कामगारांनी लेखणी हातात घ्यायची. कला आणि आयुष्य यांच्यातली दरी बुजवायची. परिषदेतली जी घोषणा पुढे गाजली तिचा आशय असा: गड्या, लेखणी उचल, समाजवादी जर्मन संस्कृतीला तुझी गरज आहे! यातल्या 'गड्या'साठी मूळ शब्द आहे 'कुम्पेल', खाणीत बरोबर राबणाऱ्याला मारायची हाक.

ही घोषणा लिहिली ती वेर्नर ब्रॉयनिग नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने. त्याला ही हाक मारण्याचा हक्कही होता. तो केम्निट्सचा, पोरवयात तुरुंगात जाऊन आलेला आणि विस्मुटच्या खाणीत राबलेला. विस्मुट म्हणजे युरेनियमच्या खाणी. तिथलं युरेनियम सोव्हिएत रशियाला जायचं, अणुबाँबसाठी. तिथून हा लिहायला लागला आणि लाइपझिगच्या साहित्य संस्थेत पोचला. सरकारला दाखवायला असाच माणूस हवा होता.

मग देशभर कारखान्या-कारखान्यांत 'लिहिणाऱ्या कामगारांची मंडळं' निघाली. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, कोळशाच्या खाणीत, रसायनांच्या कारखान्यात. कारखाना किंवा कामगार संघटना जागा द्यायची, कधीकधी एखादा नावाजलेला लेखक मार्गदर्शनाला यायचा. याच काळात प्रत्येक कामगार-तुकडीने आपली रोजनिशी लिहायची अशीही पद्धत पडली. त्या रोजनिशांत काय नसेल? उत्पादनाचे आकडे, सहलींचे फोटो, कुणाच्या बाळाचा जन्म, आणि मधूनच सुटे भाग वेळेवर येत नाहीत अशी कुरकुर. तुकडीला मानाची पदवी द्यायची की नाही हे ठरवताना त्या बघितल्या जात. म्हणजे मनातलं लिहायचं, पण वरचा साहेब वाचणार आहे हे लक्षात ठेवून. ऑफिसात वर्षअखेरीला 'सेल्फ अप्रेझल' भरलेल्या कुणालाही ही कला शिकवावी लागणार नाही.

आपल्याकडेही साधारण तेव्हाच कामगाराची कविता येत होती, हे जाता जाता सांगायला हवं. नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा. पण सुर्व्यांना कुठल्या गिरणीमालकाने रूम आणि बिस्किटं दिली नव्हती. हा फरक लहान नाही.

सगळं खोटंच होतं असं मात्र मला म्हणवत नाही. ब्रिगिट राइमानचं बघा. १९६० साली, सव्विसाव्या वर्षी, ही लेखिका नवरा झिगफ्रीड पिचमानबरोबर होयर्सवेर्डा या नव्याने उभ्या राहणाऱ्या गावात राहायला गेली. जवळच 'श्वार्त्से पुम्पे' नावाचा लिग्नाइटचा अवाढव्य प्रकल्प उभा राहत होता. तिथे प्रत्यक्ष जाऊन काम करायचं, शिवाय कामगारांचं लेखनमंडळ चालवायचं, असं दोघांनी स्वीकारलं. त्यातून तिचं १९६१ चं पुस्तक आलं आणि त्याच्या नावावरून तिथल्या साहित्यातल्या एका अख्ख्या प्रवाहाला नाव पडलं. ती १९७३ साली कर्करोगाने गेली, अवघी ३९ वर्षांची. मोठी कादंबरी अपुरीच राहिली होती, ती पुढच्या वर्षी छापली गेली.

दिवसभर वेल्डिंग करून आलेल्या माणसाला 'तुमचं हे वाक्य छान आहे, पण मधलं काढून टाका' असं सांगणारी ही बाई माझ्या डोळ्यांसमोर येते. ते सांगणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. विहिरीवाल्या मॅडमना मी एकदा म्हटलं, शेवटचा परिच्छेद नको, आधीच सगळं आलंय. त्या काही बोलल्या नाहीत. दोन गुरुवार आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आल्या, शेवटचा परिच्छेद ठेवला होता, पहिला काढला होता. आणि त्यांचंच बरोबर होतं!

पण ब्रॉयनिगकडे परत येतो. हाक मारणाऱ्याने स्वतः काय लिहिलं? त्याने लिहिली कादंबरी, 'रुम्मेलप्लाट्स', म्हणजे जत्रेचं मैदान. तिच्यात विस्मुटच्या खाणी होत्या, त्याला दिसल्या तशा. दारू, मारामाऱ्या, थकवा, १९५३ च्या जूनमधला कामगारांचा उठाव. १९६५ साली तिचा एक भाग मासिकात आला आणि त्याच डिसेंबरात पक्षाच्या केंद्रीय समितीच्या अधिवेशनात झोडपला गेला. टीकाकारांत पुढारी होता एरिख होनेकर, जो पुढे उल्ब्रिख्तच्या जागी आला. त्या सभागृहात उभं राहून ब्रॉयनिगची बाजू घेतली ती ख्रिस्ता वोल्फने. तिनेही बिटरफेल्डची हाक ऐकून डबे बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं होतं. उपयोग झाला नाही. कादंबरी छापलीच गेली नाही. ब्रॉयनिग दारूत बुडाला आणि १९७६ साली, ४२ व्या वर्षी गेला. पुस्तक आलं २००७ मध्ये. तोवर ज्या राज्याने ते अडवलं होतं ते राज्य जाऊन सतरा वर्षं झाली होती.

आणि बिटरफेल्ड? कारखान्यांच्या धुराने आणि राखेने ते गाव पुढे इतकं काळवंडलं की मोनिका मारोन या लेखिकेने त्यावर कादंबरी लिहिली. ती १९८१ साली छापली गेली, पण पश्चिम जर्मनीत. पूर्वेत तिला परवानगी नव्हती. कामगारांनो लिहा, असं जिथे म्हटलं गेलं त्या गावाबद्दल लिहिलेलं त्याच देशात छापता येईना. असो.

मला खरं तर जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

अशी मंडळं सगळीकडे होती, तशी ती गुप्त पोलिसांतही होती. थट्टा नव्हे. श्टाझीच्या बर्लिनमधल्या रक्षक दलातले जवान आणि काही अधिकारी महिन्यातून एकदा जमून एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. फिलिप ओल्टरमान या पत्रकाराने २०२२ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय. १९८० च्या दशकात हे मंडळ उवे बर्गर नावाचा कवी चालवत असे. चांगला छापून आलेला, प्रतिष्ठित कवी. तो मुलांना छंद शिकवायचा, प्रतिमा कशी उभी करायची ते सांगायचा. आणि घरी जाऊन अहवाल लिहायचा. इतर लेखकांबद्दल तर लिहायचाच, पण मंडळातल्या पोरांबद्दलही. कुणाच्या कवितेत शंका डोकावते आहे, कुणाचं मन कुठे आहे.

कवितेत माणूस जितका उघडा पडतो तितका जबाबात पडत नाही. बर्गरला वेगळं काही करावंच लागत नव्हतं. नीट वाचलं की झालं, आणि नीट वाचणं हेच त्याचं काम होतं.

राइमानलाही श्टाझीने १९५७ साली गाठलं होतं. नवऱ्याच्या अटकेच्या अडचणीत (हा तिचा आधीचा नवरा) तिने सही केलीही, पण पुढच्याच वर्षी अंग काढून घेतलं. बर्गरने काढून घेतलं नाही. दोघंही लेखनमंडळं चालवणारे. दोघांनीही लोकांची वाक्यं दुरुस्त केली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते सांगतो.

तो लातूरकडचा मुलगा. रात्रपाळीच्या कॅबवर गोष्ट लिहीत होता. पहाटे तीनला घरी सोडणारी कॅब, पुढे डुलक्या घेणारा ड्रायव्हर, मागे चार जण, आणि गोष्ट सांगणारा मनात रोज हिशेब करतो की आज राजीनामा टाकला तर गावी किती महिने निघतील. चार पानं वाचली त्याने. खोलीत कुणी हललं नाही. सिक्युरिटीचे काका म्हणाले, "पोरा, खरं लिवलंस." मी म्हटलं, पूर्ण कर, शेवट घाई करू नकोस.

नंतर पंधरा दिवसांनी त्याच्या विभागाचे साहेब कँटीनमध्ये भेटले. चहा झाला. साहेब चांगले होते, आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "तुमचा तो कट्टा जोरात आहे म्हणे. आमचा तो कसा लिहितो?" मी खुलून सांगायला लागलो. मास्तराला विद्यार्थ्याचं कौतुक विचारलं की जसं होतं तसं. सांगता सांगता म्हणालो, "फार आतून लिहितो. पण मन नाही हो त्याचं इथे." म्हणालो आणि समोसा खाल्ला.

दोन महिन्यांनी नवीन प्रोजेक्टची यादी लागली, त्यात तो नव्हता. बाकावर बसवला. चार महिन्यांनी गेला. माझ्या त्या वाक्यामुळे गेला असं मी म्हणू शकत नाही. त्या वर्षी बरेच जण बाकावर होते. नाही गेला असंही म्हणू शकत नाही. बर्गरचा अहवाल निदान फाईलमध्ये सापडला. माझा कँटीनमध्ये विरून गेला. मी श्टाझीचा हस्तक नव्हतो, मला कुणी पैसे दिले नव्हते, धाक घातला नव्हता. एक चहा तेवढा होता, तोही मीच आणला होता.

यादी लागली त्याच्या पुढच्या गुरुवारी तो आला होता. वाचलं काही नाही. नंतर आलाच नाही. वर्षभरात कट्टाही आटला. लोकांना कामं होती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

त्या चार पानांची झेरॉक्स माझ्याकडे राहिली. परवा कपाटात सापडली, मार्जिनमध्ये माझ्या पेन्सिलीच्या खुणा. दोन दिवस विचार केला आणि जुन्या ओळखीतून नंबर मिळवून त्याला फोन लावला. आता लातूरलाच असतो, स्वतःचं काहीतरी करतो. आवाजावरून ओळखलं त्याने, "सर" म्हणाला. मी कँटीनमधलं ते सगळं सांगितलं, न थांबता, पाठ केल्यासारखं. पलीकडे शांतता. मागे कुठेतरी मिक्सर चालू होता.

मग म्हणाला, "माहीत होतं सर. साहेबांनीच सांगितलं होतं मला, तेव्हाच. तुमचंच वाक्य ऐकवलं."

मी विचारलं, गोष्ट पुढे लिहिलीस का?

"शेवट केला होता त्याचा," तो म्हणाला. "त्या गुरुवारी खिशातच होता."

मी तो मागितला नाही. त्यानेही पाठवतो म्हटलं नाही. पाऊस कसा आहे तिकडे, यावर थोडं बोललो आणि फोन ठेवला.