भोगवटादार

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव ज्या रकान्यात आहे, त्याच्या डोक्यावर ‘मालक’ लिहिलेलं नाही. ‘भोगवटादार’ लिहिलेलं आहे. ‘सातबारा माझ्या नावावर, म्हणजे जमीन माझी’ असं आपण सहज बोलतो. कागद मात्र एवढंच सांगतो की ही जमीन हा माणूस भोगतो आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता ही नोंद खरी धरून चालते, पण चुकीची ठरेपर्यंतच. फेरफार झाला म्हणून मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा बजावलं आहे.

भोग, भोजन, भुक्ती ही सगळी ‘भुज्’ धातूची लेकरं. खाणं, उपभोगणं हा त्याचा अर्थ. याज्ञवल्क्यस्मृती वादात तीन पुरावे मानते : लिखित, भुक्ती आणि साक्षी. जमीन हातात कशी आली, तो ‘आगम’; ती कोण खातो आहे, ती भुक्ती. डोळ्यांदेखत परका वीस वर्षं जमीन खात राहिला आणि धनी गप्प बसला, तर त्याची हानी होते, असं ही स्मृती सांगते. हानी कशाची? या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो, जमिनीची नव्हे, तेवढ्या वर्षांच्या उत्पन्नाची. मला हा माणूस फार न्यायी वाटतो. आजचा १९६३ चा मुदतीचा कायदा अधिक कठोर आहे : उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला धुडकावून बारा वर्षं कब्जा राहिला, तर मालकीच जाऊ शकते.

‘कब्जा’ अरबी. मूळ अर्थ मुठीत धरणं. तलवारीची मूठही कब्जाच. ‘ताबा’ही अरबीच, मागून चालणारा, अंकित असा. एकात हात आहे, दुसऱ्यात हुकमत. शेतावर खरा चालतो तो तिसरा शब्द, ‘वहिवाट’. त्यात पाय आहेत. पिढ्यान् पिढ्या कुणाच्या बैलांनी कुठून जायचं, हे कागदाआधी पायांना ठाऊक असतं. अशी वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येतं.

सहा महिने हा आकडा आमच्या नात्यातल्या एका काकांना ठाऊक नव्हता. शेजारी दर पेरणीला बांध कोरायचा, नांगराचं एकेक तास आत सरकायचं. एका वर्षी त्याने बांधच मोडला आणि पलीकडची पट्टी पेरून टाकली. काका सातबारा खिशात घालून निर्धास्त राहिले. बळजबरीने ताबा गेला तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करताही तो परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. ती मुदत टळली आणि काकांच्या वाट्याला मोजणी, साक्षी, जुने उतारे असा हक्क शाबीत करण्याचा लांबचा रस्ता आला. ‘भोग’ शब्दाचा दुसरा मराठी अर्थ मला तेव्हा कळला.

‘अनुतोष’ कायद्याच्या पुस्तकात. कोर्टाच्या आवारात कुणीही ‘दाद’च मागतो. हा फारसी शब्द मुळात न्यायाचा. गाण्याला दाद देतो, ती हीच. ‘दावा’ अरबी, आणि त्याचं मूळ हाक मारण्यात आहे. ‘दुआ’ त्याच मुळाची.