‘माधव’ने भाजप बदलला, की फक्त चेहरा?

नागपुरात दीक्षाभूमीपासून रेशीमबाग फार लांब नाही. भाजपचं मूळ घर आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. आज वस्तीतली पोरं विचारतात, “दादा, भाजप आता ओबीसींचाच पक्ष झाला ना?” उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

1951 मध्ये स्थापन झालेला जनसंघ महाराष्ट्रात शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून ओळखला जायचा. 1980 मध्ये भाजप आला, तरी तो शिक्का पुसला गेला नाही. 1985 च्या विधानसभेत जागा मिळाल्या अवघ्या 16. शेटजी-भटजींच्या मतांवर काँग्रेस हटणार नाही, हे वसंतराव भागवतांनी ओळखलं. माळी, धनगर, वंजारी समाजांतून नेते पुढे आणले गेले. हाच ‘माधव’ प्रयोग. ना. स. फरांदे, अण्णा डांगे आणि गोपीनाथ मुंडे ही त्यातली ठळक नावं.

परळीजवळच्या नाथ्रा गावचे मुंडे 1986 मध्ये प्रदेशाध्यक्ष, 1991 मध्ये विरोधी पक्षनेते झाले. 1994 च्या संघर्ष यात्रेत गावोगाव सभा घेत त्यांनी पवार सरकारला धारेवर धरलं. 1990 मध्ये 42 असलेल्या जागा 1995 मध्ये 65 झाल्या. मुंडे उपमुख्यमंत्री झाले, गृहखातंही त्यांच्याकडेच आलं.

मुंडेंचं श्रेय आम्ही नाकारत नाही. मित्रपक्ष शिवसेना नामांतराच्या विरोधात असताना ते बाजूने उभे राहिले. 2010 मध्ये ओबीसींच्या जातनिहाय जनगणनेची मागणी त्यांनी लोकसभेत लावून धरली.

पण पक्षाचं काय? 7 ऑगस्ट 1990 ला मंडल जाहीर झालं आणि 25 सप्टेंबरला सोमनाथहून अडवाणींचा रथ निघाला. ज्या ओबीसींना आरक्षण मिळत होतं, त्यांच्याच हाती मंदिराचा झेंडा दिला गेला. पुढे युती सरकारने मराठवाड्यातले अकराशेहून अधिक अॅट्रॉसिटीचे खटले मागे घ्यायचं ठरवलं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या माणसांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या. दहा जीव गेले. गृहमंत्री बहुजन होते, नामांतराचे समर्थक होते. तरी गोळ्या झाडल्या गेल्याच.

म्हणजे लोकनेत्यांनी भाजपची भाषा बदलली, मतदार बदलला, उमेदवारांच्या यादीतल्या जाती बदलल्या. जिथे विचार ठरतो, ती जागा मात्र त्यांच्या हाती आली नाही. 1925 पासूनच्या सहा सरसंघचालकांपैकी पाच ब्राह्मण आणि एक राजपूत. ‘माधव’मधला एकही नाही.

हे फक्त ओबीसींनाच सांगायचं नाही. पुणे करारानंतर बाबासाहेबांना हीच भीती होती: माणूस आपल्या जातीचा, पण दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला आणि दुसऱ्यांचंच ऐकणारा. 2011 च्या शिवशक्ती-भीमशक्तीनंतर आपल्याही काही नेत्यांना पदं मिळाली. त्या पदांमुळे युतीचा कोणता निर्णय बदलला?

पुढच्या वेळी “आपला माणूस मंत्री झाला” म्हणून वस्तीत पेढे वाटले जातील, तेव्हा पेढा जरूर खा. पण एवढं विचारा: निर्णय कोण घेतो?

जयभीम!